अकबरीला कोणी शिकविले?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी सूचना मला संस्थेकडून आली होती. या विषयावर आपण सर्वांनी इतकी भाषणे ऐकली आहेत की त्यात आणखी एकाची भर घालणे मला बरे वाटेना. म्हणून मी आज एकाच पुस्तकाविषयी बोलणार आहे. ते मी दोनदा वाचले. पहिल्यांदा चौदाव्या वर्षी आणि दुसऱ्यांदा सत्तरी ओलांडल्यावर. या दोन वाचनांमध्ये पुस्तकातील एक अक्षरही बदललेले नव्हते. तरीही मला वाटले की लहानपणी वाचले ते पुस्तक निराळे आणि आता वाचले ते निराळे. असे का झाले, हेच आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मी टीकाकार नव्हे, आयुष्यभर खडू-फळ्याशी संबंध आलेला एक मास्तर आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये.

पुस्तकाचे नाव ‘मिरातुल उरूस’. मिरात म्हणजे आरसा आणि उरूस म्हणजे नववधू. एकूण अर्थ ‘नववधूचा आरसा’. डेप्युटी नझीर अहमद यांनी लिहिलेली ही कादंबरी १८६९ साली प्रसिद्ध झाली. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. आपल्यातील पुष्कळ घरांतून ती एके काळी होती. मुलीच्या रुखवतात जशी भांडी, तशी ही कादंबरी देण्याची चाल उत्तरेकडे कित्येक कुटुंबांत होती.

आमच्या घरी ती कशी आली ते सांगतो. आमचे गाव कोकणातले, खाडीच्या काठचे. वडील बोटीवर नोकरीला. वर्षा-दीड वर्षाने एकदा घरी येत. १९६३ साली ते आले तेव्हा मुंबईहून आणलेल्या सामानात, साबणाच्या वड्या आणि कापडाच्या तुकड्यांखाली, हे पुस्तक निघाले. जुन्या बाजारातून घेतलेली प्रत. पुठ्ठा गेलेला, पाने पिवळी पडलेली. मी उर्दू शाळेत सातवी करून तालुक्याच्या मराठी हायस्कुलात जाऊ लागलो होतो. घरात सलग वाचता येणारा मीच. वडिलांनी ते माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “रात्री जेवणे झाली की सर्वांना वाचून दाखव.”

त्या पावसाळ्यात कंदिलाभोवती आम्ही बसत असू. आई, दादी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आपा, धाकटी बहीण आणि शेजारच्या दोन-तीन बाया. मी वाचायचो, मध्येच थांबून आमच्या कोकणी बोलीत सांगायचो, आणि श्रोते हसायचे, हळहळायचे.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. दिल्लीतल्या दूरअंदेश खान नावाच्या गृहस्थाला दोन मुली. थोरली अकबरी आणि धाकटी असगरी. दूरअंदेश खान नोकरीनिमित्त दूर असतो. या दोघी बहिणींची लग्ने एकाच घरातल्या दोघा भावांशी होतात. थोरल्या मुहम्मद आकिलशी अकबरीचे, धाकट्या मुहम्मद कामिलशी असगरीचे. अकबरी आजीच्या लाडाने बिघडलेली. तिला ना शिवणटिपण येते, ना रांधणे, ना लिहिणे-वाचणे. सासूशी पटत नाही म्हणून ती वेगळे घर मांडते, आणि तेथे हज करून आल्याची बतावणी करणारी एक बाई येऊन गोड बोलते. आधी स्वस्तात वस्तू देऊन विश्वास मिळविते आणि शेवटी दागिने उजळून आणते म्हणून जी जाते ती परत येत नाही.

असगरी याच्या अगदी उलट. ती शिकलेली, समजूतदार, मोजके बोलणारी. सासरी येताच तिच्या लक्षात येते की घरातली जुनी मोलकरीण मामा अजमत बाजारहाटात पैसे खाते. (मराठी वाचकांनी येथे घोटाळा करून घेऊ नये. दिल्लीकडे घरकाम करणाऱ्या बाईला ‘मामा’ म्हणत.) वाण्याकडे, हलवायाकडे घराच्या नावावर उधारी वाढत चाललेली आणि सासूला त्याचा पत्ताच नाही. असगरी आरडाओरडा करीत नाही. लाहोरला नोकरीस असलेले सासरे घरी येईपर्यंत वाट पाहते, आणि मग त्यांच्यासमोर एकेकाचा हिशेब काढला जातो. मामाची लबाडी उघडी पडते. पुढे असगरी नवऱ्याला मार्गी लावते, घरात मोहल्ल्यातल्या मुलींसाठी शाळा चालविते, नणंदेचे लग्न मोठ्या घरात जमविते. घराला बरे दिवस येतात.

चौदाव्या वर्षी मी असगरीवर इतका खूश होतो की काही विचारू नका. शाळेच्या वहीच्या मागल्या पानावर मी घरचा जमाखर्च लिहू लागलो. गावच्या दुकानदाराच्या वहीशी तो ताडून पाहू लागलो, आणि दुकानदाराचे चार आणे जास्त लावलेले मी पकडले तेव्हा दादीने माझ्या डोक्यावरून हात फिरविला. ही या पुस्तकाची देणगी होती, आणि तिचे ऋण मी आजही मानतो.

परंतु त्याच वेळी मी दुसरेही एक काम केले. आमच्या घरातही दोघी बहिणी होत्या. धाकटी शाळेत जात होती, पाढे म्हणत होती. थोरली आपा दुसरीतून शाळा सोडून घरी बसलेली. एकदा तिच्या हातून तांदळाची भाकरी करपली आणि मी मोठ्याने म्हणालो, “आमच्या घरची अकबरी!” सगळे हसले. आपाही हसली. तेव्हापासून ते नाव तिला चिकटले. पाणी सांडले, अकबरी. दूध ओतू गेले, अकबरी. दोन वर्षांनी, १९६५ साली, तिचे लग्न होऊन ती सासरी गेली तेव्हाही कोणीतरी थट्टेने म्हणाले, “अकबरी चालली, आता सासूचे कसे होणार!”

आता लेखकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण विद्यार्थ्यांना त्यातून घेण्यासारखे आहे.

नझीर अहमद बिजनौर जिल्ह्यातले, गरीब घरचे. शिक्षणासाठी ते दिल्लीला आले तेव्हा मशिदीत राहून शिकत होते. फरहतुल्लाह बेग यांनी आपल्या या गुरूवर लिहिलेला लेख उर्दूत प्रसिद्ध आहे. त्यात नझीर अहमद यांच्या तोंडची हकीकत अशी की, मशिदीतल्या विद्यार्थ्यांना मोहल्ल्यातल्या घराघरांतून भाकरी मागून आणावी लागे. मौलवीसाहेबांच्या घरी गेले की तेथली एक लहान मुलगी त्यांना मसाला वाटायला बसवी आणि हात थांबला की वरवंट्याने बोटे ठेचीत असे. पुढे हीच मुलगी त्यांची पत्नी झाली! अशा परिस्थितीतून ते दिल्ली कॉलेजात गेले, शिक्षक झाले, शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर झाले, डेप्युटी कलेक्टर झाले. भारतीय दंडसंहितेच्या उर्दू भाषांतरात त्यांचा हात होता. काही काळ ते हैदराबादच्या निजामाच्या राज्यात अधिकारी होते. १९१२ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलींना वाचायला द्यावे असे एकही पुस्तक त्यांना आढळेना, म्हणून त्यांनी ‘मिरातुल उरूस’ स्वतः लिहिली. सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्या काळचे एक हजार रुपये! वीस वर्षांत तिच्या एक लाखाहून अधिक प्रती निघाल्या असे सांगतात. १९०३ साली लंडनमध्ये तिचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. एका बापाने आपल्या मुलींसाठी लिहिलेले पुस्तक लाखो मुलींपर्यंत गेले, याहून लेखकाचे भाग्य कोणते?

यानंतर मी हे पुस्तक ट्रंकेत ठेवून दिले ते जवळजवळ पन्नास वर्षांहून अधिक काळ. शाळेत शिकवीत असताना मी कितीदा तरी त्याचा दाखला दिला. मुलींना म्हणे, “असगरीसारख्या व्हा.” पण पुस्तक उघडून पाहिले नाही. आपण ज्याची खूप स्तुती करतो ते पुन्हा वाचण्याची आपल्याला गरज वाटत नाही, ही माणसाची खोड आहे.

ते पुन्हा उघडण्याचे कारण मोठे साधे. आपाच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि ती आराम करण्यासाठी आमच्याकडे येऊन राहिली. आता ती ऐंशीच्या घरात आहे. तिला काम करू नको म्हटले की ती कासावीस होते. चार दिवस उगीच बसून राहिल्यावर ती मला म्हणाली, “अरे, ते पुस्तक आहे का तुझ्याकडे? ज्यात मी आहे ते?”

मला आधी कळलेच नाही. मग कळले, आणि खरे सांगतो, मी खाली पाहिले.

संध्याकाळी मी वाचायला सुरुवात केली. आपा डोळ्यांवर हिरवा काळपट चष्मा लावून बसलेली. शेजारी माझी नात, इयत्ता आठवीत शिकणारी. तिला उर्दू पुरते येत नाही, म्हणून मी पूर्वीप्रमाणेच वाचून मग बोलीत सांगत होतो. साठ वर्षांपूर्वीचा तो कंदील नव्हता, बाकी मांडणी तीच.

पहिला धक्का बसला तो असगरीच्या वयाचा. लग्नाच्या वेळी ती तेरा वर्षांची आहे! मी स्वतः चौदा वर्षांचा असताना मला ती मोठी, पोक्त बाई वाटली होती. आता ते वाक्य वाचताना माझी नात समोर बसली होती. ती म्हणाली, “म्हणजे माझ्याएवढी?” मी पुढे वाचू लागलो, पण सासरच्या कारभाराचे ओझे तेरा वर्षांच्या खांद्यावर ठेवून तिला शहाणी म्हणणारे जग मला पूर्वीसारखे गोड वाटेना. लेखक त्याच्या काळातला होता, त्याला दोष देत नाही. पण मी माझ्या काळातला असून मला ते पूर्वी दिसले नव्हते, हे मात्र कबूल केले पाहिजे.

दुसरी गोष्ट त्या ठकबाईची. पूर्वी या प्रसंगाला आम्ही पोट धरून हसत असू. अकबरीचा मूर्खपणा! या खेपेस मी तो सावकाश वाचला. अकबरी दिवसभर एकटी. नवरा बाहेर. सासरशी अबोला. माहेरी गेले तर उपदेश. साऱ्या पुस्तकात तिच्याशी गोड बोलणारी, तिच्या शेजारी बसून तिची विचारपूस करणारी बाहेरची बाई कोण, तर ती भामटी. ज्या माणसाला घरात कोणी विचारीत नाही ते दारात आलेल्या पहिल्या गोड शब्दाला फसते. यात हसण्यासारखे काय आहे? पालकांनी याचा विचार करावा. आपली मुले-मुली वाईट संगतीला लागली म्हणून आपण रडतो, पण ती संगत मिळण्यापूर्वी घरात त्यांच्याशी कोण बोलत होते, हे विचारीत नाही.

मग आला मामा अजमतचा प्रसंग. वाण्याची वही, हलवायाची वही, एकेक रक्कम. मी रंगात येऊन वाचत होतो. तेवढ्यात आपा म्हणाली, “थांब जरा.” मी थांबलो. तिने विचारले, “असगरीने चोरी पकडली, कारण तिला लिहिता-वाचता येत होते. होय ना?”

“होय.”

“मग तिच्या सासूने इतकी वर्षे का नाही पकडली?”

“तिला येत नव्हते म्हणून.”

आपा थोडा वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, “आणि अकबरीला कोणी शिकविले होते का रे?”

पालकहो, मी चाळीस वर्षे शिकविले, पण एवढा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुस्तकात याचे उत्तर आहे. आजीने लाड केले म्हणून ती शिकली नाही. पण मुलीचे लाड झाले तर दोष कोणाचा? मुलीचा की मोठ्यांचा? त्याच घरात, त्याच आईबापांची धाकटी मुलगी शिकते आणि थोरली राहते. लेखक थोरलीला शिक्षा देतो आणि धाकटीला बक्षीस. आम्ही वाचणाऱ्यांनीही तेच केले.

आमच्या घरात तर लाडही नव्हते. आपा दुसरीत असताना आई आजारी पडली. वडील बोटीवर. घरात तान्हे मूल. तेव्हा शाळेतून कोणाला काढावयाचे, याची चर्चासुद्धा झाली नाही. थोरलीला काढले. तिने चूल धरली म्हणून मी तालुक्याला जाऊ शकलो. तिने तान्ही बहीण सांभाळली म्हणून ती तान्ही पुढे पाढे म्हणू शकली. ज्या भाकरीवरून मी तिला अकबरी म्हटले, ती भाकरी खाऊनच मी शाळेत जात होतो. हे मला चौदाव्या वर्षी दिसले नाही ते क्षम्य आहे. चाळिसाव्या वर्षी दिसले नाही, पन्नासाव्या वर्षी दिसले नाही, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

त्या रात्री आपाने आणखी एक गोष्ट सांगितली. लग्नानंतर तिचे यजमानही बोटीवर गेले. त्यांना पत्र लिहावयाचे तर ती माहेरी येई आणि एरोग्रामचे निळे पत्र माझ्यापुढे ठेवी. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. भारी भारी उर्दू शब्द घालून लिहीत असे. ती म्हणे, “लिही, इकडे सर्व खुशाल आहे.” मी विचारी, “आणखी?” ती थोडी थांबे आणि म्हणे, “बस्स, एवढेच.” मला वाटे, हिला काही सांगताच येत नाही. अकबरी ती अकबरी!

साठ वर्षांनी ती म्हणाली, “मला दुसरेच लिहावयाचे होते. पण धाकट्या भावाला ते कसे सांगू? पत्र आले की तेही दुसऱ्याने वाचायचे. मनीऑर्डर आली की अंगठा माझा आणि रुपये मोजणारे दुसरे. माझ्या नवऱ्याने मला काय लिहिले आणि किती पाठविले, ते मला कधीच स्वतःहून कळले नाही.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला वाटले, मामा अजमतची चोरी ही काही पैशांची चोरी होती. येथे तर एका बाईचे आयुष्यभराचे बोलणेच गेले होते, आणि त्याचा हिशेब कोणत्या वहीत पाहावा?

आता कोणी म्हणेल, म्हणजे मास्तरांना हे पुस्तक आवडेनासे झाले. तसे मुळीच नाही. पुस्तकाला न्याय द्यावयाचा तर त्याच्या काळात जाऊन उभे राहिले पाहिजे. १८५७ च्या दंगलीत दिल्ली उद्ध्वस्त होऊन बारा वर्षे झाली होती. शरीफ घरांतल्या मुलींना कुराणशरीफ वाचावयास शिकवीत, पण लिहावयास शिकविणे अनेकांना धोक्याचे वाटे. मुलगी लिहू लागली तर कोणाला पत्र लिहील, ही भीती! आपल्याकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, तेव्हा त्यांनाही काय काय सोसावे लागले हे आपण जाणतो. मराठीतली पहिली कादंबरी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ साली निघाली, तीही बायकांच्या दुःखाविषयीच होती. एकाच सुमारास दोन भाषांतल्या पहिल्या कादंबऱ्यांना स्त्रीचाच प्रश्न लिहावासा वाटला, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. अशा काळात नझीर अहमद यांनी लिहिणारी, हिशेब ठेवणारी, वडिलांना आणि सासऱ्यांना स्वतः पत्र पाठविणारी नायिका उभी केली. पुढे १८७२ साली ‘बनातुन्नाश’ लिहून असगरीच्या त्या घरगुती शाळेत मुली काय शिकतात तेही दाखविले.

या पुस्तकाचा खरा गुण त्याच्या वाचकांत दिसतो. पाटण्याच्या रशीदुन्निसा नावाच्या बाईंनी नझीर अहमद यांची पुस्तके वाचली आणि आपणही लिहावे असे त्यांच्या मनाने घेतले. १८८१ साली त्यांनी ‘इस्लाहुन्निसा’ ही कादंबरी लिहिली. उर्दूत स्त्रीने लिहिलेली ही पहिली कादंबरी मानतात. पण ती छापली गेली १८९४ साली, मुलगा शिकून मोठा झाल्यावर, आणि तीही लेखिकेच्या नावाने नव्हे, तर ‘अमक्याची आई’ म्हणून. पुढे याच बाईंनी पाटण्यात मुलींची शाळा काढली. लेखकाने असगरीला घर चालविण्यापुरती लेखणी दिली होती. वाचणारीने ती लेखणी घेऊन पुस्तक लिहिले. शिक्षण देणाऱ्याने कुंपण घातले तरी शिकणारी ते ओलांडते, याहून मोठा पुरावा कोणता द्यावा?

कुंपण होते, हेही लपविता कामा नये. असगरीचे सारे शिक्षण दुसऱ्यांच्या कामी येते. नवरा, सासरा, नणंद, शेजार. तिला स्वतःला काय हवे होते, हे पुस्तक विचारीत नाही. याच लेखकाच्या ‘तौबतुन्नसूह’ या पुढच्या कादंबरीत नसूह नावाचा बाप सुधारतो, आणि सुधारण्याच्या भरात थोरल्या मुलाची पुस्तके जाळतो! लहानपणी आम्हांला शिक्षकांनी हा प्रसंग बापाच्या धर्मनिष्ठेचा नमुना म्हणून शिकविला होता. आज मी बाप आहे, आजोबा आहे, आणि मला वाटते की त्या आगीत मुलाशी बोलण्याची वाटही जळाली. मुलाने काय वाचावे यावर पालकांनी लक्ष जरूर ठेवावे, पण ज्या घरात पुस्तकावरून वाद घालता येतो ते घर, ज्या घरात पुस्तक जाळावे लागते त्या घराहून मजबूत असते.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून तुम्हांला एवढेच सांगतो. जे पुस्तक आज आवडते ते टाकून देऊ नका. त्यावर तारीख घालून ठेवा आणि वीस वर्षांनी पुन्हा वाचा. तुमचे मत बदलले तर लाजू नका. आणि गोष्टीत ज्याला सगळे हसतात त्याच्या बाजूने एकदा तरी गोष्ट वाचून पाहा.

पालकांना माझी विनंती वेगळी आहे. आपल्या धर्माचा पहिला संदेशच वाचण्याचा आहे, हे आपण प्रत्येक सभेत सांगतो. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरीही आपल्या गावांत अजून असे होते की वडील आखातात, आई एकटी, आणि घरात कोणी आजारी पडले की थोरल्या मुलीची शाळा सुटते. एका मुलाचे नाव घेऊन दुसऱ्याला टोमणा मारू नका. “बघ, तुझी बहीण कशी हुशार” म्हणताना, त्या हुशारीसाठी घरातले कोणाचे दिवस खर्ची पडले ते आधी पाहा.

ते पुस्तक आम्ही शेवटपर्यंत वाचले. माझी नात आपाला म्हणाली, “मी तुम्हांला अक्षरे शिकवू का?” आपा हसली. म्हणाली, “आता या डोळ्यांना नको ग. पण आपल्या वाडीत एक मुलगी आहे. सातवीनंतर घरी बसवली आहे. तुझ्या आजोबांना तिच्या घरी पाठव.”

मी गेलो. मुलीच्या आईने चहा दिला आणि मला म्हणाली, “मास्तर, धाकटी जाते ना शाळेत.” हे वाक्य ऐकून मला वाटले की मी साठ वर्षे मागे गेलो. मी तीनदा गेलो. दर वेळी तेच उत्तर. चौथ्यांदा आपा स्वतः माझ्याबरोबर आली. ती त्या आईशी आत बसून काय बोलली ते मला ठाऊक नाही. मला बाहेर ओट्यावर बसविले होते. दुसऱ्या दिवशी परदेशातून मुलीच्या वडिलांचा फोन आला, आणि जूनमध्ये मुलीचे नाव आठवीत दाखल झाले. घरचे काम तिचे सुटलेले नाही. ती सकाळी भाकऱ्या करून येते आणि पहिल्या तासाला कधी कधी उशीर होतो. तिच्या शिक्षकांना मी सांगितले आहे की तिला उशिराबद्दल उभे करू नका.

नववधूचा आरसा म्हणून लिहिलेले हे पुस्तक चौदाव्या वर्षी मी बहिणीच्या तोंडासमोर धरले होते. म्हातारपणी त्यात माझेच तोंड दिसले. उशीर झाला, पण दिसले.

आज ज्या मुलामुलींना बक्षिसे मिळाली त्यांचे मनापासून अभिनंदन. घरी जाऊन ते बक्षीस आधी त्या बहिणीच्या किंवा आईच्या हातात द्या, जी तुमच्यासाठी पहाटे उठते. आपल्या संस्थेच्या शाळांतून एकही अकबरी न शिकविता राहू नये, अशी अल्लाहच्या दरबारी दुआ करतो.